वाळूच्या रंगातली चेतक : एका जुन्या स्कूटरच्या प्रकल्प नोंदी

12 ऑक्टोबर 2024, दसरा

आज सकाळी घरातल्या वाहनांची पूजा करताना जिन्याखाली उभ्या असलेल्या बाबांच्या बजाज चेतकलाही हार घातला. 2021 साली फेरनोंदणीच्या तपासणीसाठी तिला शेवटचे रस्त्यावर नेले होते. त्यानंतर ती तिथेच आहे आणि दोन्ही चाकांतली हवा केव्हाच गेली आहे. कुंकू लावताना फूटबोर्डावर हात टेकला आणि रबरी मॅटखालचा पत्रा कुरकुरला. तो आवाज ऐकून मी ठरवले की या हिवाळ्यात ही स्कूटर पूर्ण उघडायची.

स्कूटर 1986 ची आहे, मूळ रंग फिकट निळा. इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, 145.45 घनसेंटिमीटरचे, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 57 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तेवढीच. नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहावी लागण्याच्या काळात ती घरी आली. बाबा देहूरोडच्या लष्करी आयुध भांडारात नागरी कर्मचारी होते आणि चिंचवडहून रोज याच स्कूटरवरून जात असत. वाटेत आकुर्डी लागते, म्हणजे जिथे ती तयार झाली त्या कारखान्यावरूनच ती वीस वर्षे रोज दोनदा गेली.

13 ऑक्टोबर

तिला लष्करी रूप द्यायचे हे नक्की केले आहे, परंतु ते कोणत्या प्रकारचे, याचा विचार आज लिहून ठेवते. या जातीच्या स्कूटरचे खरे लष्करी भावंड फ्रान्समध्ये झाले. 1956 पासून तिथल्या आक्मा या कारखान्याने हवाई छत्रीधारी सैन्यासाठी व्हेस्पा 150 टॅप तयार केली. तिच्या मजबूत केलेल्या सांगाड्यावर 75 मिलिमीटरची धक्कारहित तोफ आडवी बसवलेली असे. ती तोफ स्कूटरवरून डागण्यासाठी नव्हती. ती उतरवून तिवईवर ठेवत. स्कूटरी जोडीने टाकल्या जात, एकीवर तोफ आणि दुसरीवर दारूगोळा. चेतकचा आराखडा व्हेस्पाच्याच घराण्यातला असल्यामुळे तिची नक्कल करणे अवघड नाही आणि पुष्कळ हौशी मंडळी तसे करतात.

मला ते करायचे नाही. बाबांनी नोकरीत तोफ चालवली नाही. त्यांचे लष्कर म्हणजे लाकडी खोकी, कॅनव्हास, जस्ताच्या पत्र्यातून कापलेली अक्षरे, याद्या आणि पावत्या. खोक्यावरचे प्रत्येक अक्षर कोणाला तरी काही सांगण्यासाठी असते आणि प्रत्येक पट्ट्याला धरून ठेवण्याचे काम असते. या स्कूटरवर मी जे काही लावीन ते काम करणारे असेल, नाहीतर ते लावणार नाही. खोटी शस्त्रे, पदचिन्हे, पलटणीची निशाणे यांतले काहीही येणार नाही. ती मिळवावी लागतात आणि आम्ही ती मिळवलेली नाहीत.

15 ऑक्टोबर

प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन नियम समजून घेतले. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 121 व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. ज्यांना असे रूप आवडते त्यांच्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते, म्हणून इथे स्पष्ट लिहिते की तो रंग खासगी वाहनाला देताच येत नाही, मग छटा कितीही ‘जवळपासची’ असो. दुसऱ्या कोणत्याही रंगाचा बदल नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो. वाहनाच्या मूळ बांधणीत फेरफार करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कडक भूमिका घेतली आहे, त्यामुळे सांगाडा, इंजिन, दिवे आणि चाके मूळचीच राहतील. लष्करी वाहनांच्या क्रमांकाच्या सुरुवातीला असणारा बाणही मी कुठे काढणार नाही.

रंग वाळूचा ठरला. ब्रिटिश रंगमानकांत 361 क्रमांकाचा ‘लाइट स्टोन’ म्हणून जो रंग आहे, त्याच्या आसपासचा. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दुसऱ्या महायुद्धात वाहनांना अशा फिकट छटा देत असत, आणि त्या मोहिमांमध्ये भारतीय डिव्हिजनांबरोबर मराठा पलटणीही होत्या. हा दुवा माझ्यासाठी पुरेसा आहे.

20 ऑक्टोबर

दोन दिवसांत स्कूटर उघडली. प्रत्येक भागाचे तीन बाजूंनी छायाचित्र घेतले, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आणि डब्यांवर चिकटपट्ट्या लावून नावे लिहिली. बाबांनी शेजारी खुर्ची टाकून एका वहीत यादी केली : अनुक्रमांक, वस्तू, नग, स्थिती, शेरा. ‘स्थिती’च्या रकान्यात त्यांनी फक्त तीन शब्द वापरले : वापरण्यायोग्य, दुरुस्तीयोग्य, बाद. यापुढे या नोंदींत मीही तेच शब्द वापरीन. गिअरच्या दोन्ही वायर, क्लच वायर, सगळ्या रबरी गॅसकेट आणि मागचा शॉकअॅब्सॉर्बर बाद. सीटची चौकट दुरुस्तीयोग्य. दोन तुकड्यांच्या रिम आश्चर्य वाटावे इतक्या चांगल्या निघाल्या.

27 ऑक्टोबर

फूटबोर्ड हा या स्कूटरचा सर्वांत नाजूक भाग आहे आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चेतकला वेगळी चौकट नाही. दाबून घडवलेला पोलादी पत्रा हाच तिचा सांगाडा. फूटबोर्डाच्या खालून आडवे चॅनेल वेल्ड केलेले असतात आणि चॅनेल व पत्रा यांच्यामध्ये चिखल अडकून राहतो. वरून रबरी मॅट असते, जिच्याखाली पावसाचे पाणी दिवसेंदिवस सुकत नाही. म्हणजे पत्रा दोन्ही बाजूंनी एकाच जागी सडतो आणि बाहेरून दिसतो मात्र धडधाकट. मागच्या ब्रेकच्या पायटीजवळ माझा स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारून देणारे पुष्कळ आहेत. ज्या पत्र्यावर दोन माणसांचे वजन आणि स्टँडचा झटका येतो तिथे लांबी भरणे ही मला गंभीर चूक वाटते. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला, पुठ्ठ्याचा नमुना करून नवा तुकडा कापला आणि तो कडेला कडा भिडवून वेल्ड करून घेतला. गॅस वेल्डिंगच्या आचेने पातळ पत्रा मोठ्या भागात तापून वाकतो, म्हणून मिग वेल्डिंगचा आग्रह धरला. कारागिरांनी एका बाजूला चार टाके, मग समोरच्या बाजूला चार, असे करत आणि मध्ये थंड होऊ देत काम केले. कापण्यापूर्वी सांगाड्याला लोखंडी कोनपट्टी बांधून ठेवली होती, नाहीतर पुढची आणि मागची चाके पुन्हा एका रेषेत आली नसती. एका चॅनेललाही नवा पत्रा लावला.

10 नोव्हेंबर

दिवाळीचा आठवडा रिकामा गेला. आज बाबांना घेऊन अहिल्यानगरचे, म्हणजे आपल्या जुन्या नगरचे रणगाडा संग्रहालय पाहून आले. हे संग्रहालय 1994 साली सुरू झाले. तिथे रोल्स-रॉइसच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार आहे आणि दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे आहेत. मी गेले होते रंग पाहायला. लष्करी वाहनाचा रंग चमकू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते, कारण काचेवरून किंवा पत्र्यावरून उडालेली उन्हाची तिरीप फार लांबून दिसते. तिथे उन्हात उभे राहून पाहिल्यावर समजले की मोठ्या सपाट पत्र्यावर चमकहीन रंग शांत दिसतो, पण चेतकच्या डिक्कीसारख्या फुगीर भागावर तो जरा जास्त गडद भासेल. म्हणून छटा ठरवलेल्यापेक्षा किंचित फिकट ठेवायची.

24 नोव्हेंबर

रंग उतरवण्याचे काम दोन आठवडे चालले. मूळ निळा, त्यावर कधीतरी मारलेला दुसरा निळा आणि त्याखाली गंजविरोधी थर. केमिकलने मोठे भाग उतरवले आणि कोपऱ्यांतून तारेचा ब्रश फिरवला. राहिलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, ते धुऊन लगेच सुकवले आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारून घेतला, कारण उघडा पत्रा पुण्याच्या थंडीतही एका रात्रीत तांबूस पडतो. लांबी फक्त पोचे भरण्यापुरती, कुठेही नखापेक्षा जाड नाही. त्यानंतर 220, 400 आणि 800 नंबरचा पाणीपेपर.

हेडलाइटच्या खाली एक खोल पोचा आहे. 1993 साली मी पहिल्यांदा स्कूटर स्टँडवरून काढताना ती पडली होती, त्याचा. तो मी भरला नाही.

8 डिसेंबर

आज रंग मारला आणि तो बिघडला. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग घेतला होता आणि त्यात चमक घालवणारी पावडर मिसळली होती. ही पावडर भांड्याच्या तळाशी बसते. पहिला हात देऊन झाल्यावर चहासाठी थांबलो आणि परत येऊन रंग न ढवळता मी रंग फवारण्याची गन भरून दिली. डाव्या डिक्कीवर तेलकट चमक आली आणि पुढच्या मडगार्डवर खडूसारखा कोरडेपणा. चमकणारा रंग पॉलिशने सारखा करता येतो, पण चमकहीन रंगाला पॉलिश चालत नाही. घासले तर तिथेच चकाकी येते. दोन्ही भाग पुन्हा घासून नव्याने रंगवावे लागणार.

या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ज्याने श्वसनमार्गाला कायमची इजा होऊ शकते. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी मुले मी पाहिली आहेत आणि ते पाहवत नाही. आमच्या कारागिरांसाठी योग्य फिल्टरचा मास्क घेऊन दिला आणि तो घातल्याशिवाय गन हातात घ्यायची नाही असे आधीच ठरवून घेतले होते.

22 डिसेंबर

मडगार्ड आणि डिक्की पुन्हा रंगवून झाली. यावेळी दर पाच मिनिटांनी भांडे ढवळले. रंग दुपारच्या उन्हात भाजलेल्या मातीसारखा दिसतो. मी समाधानी आहे.

इंजिन या आठवड्यात बांधले. सायलेन्सरमध्ये इतका कार्बन होता की धुराला वाट बोटभरच राहिली होती. सिलिंडर बोअर करून पहिल्या ओव्हरसाइझचा, म्हणजे किंचित मोठा, पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलले. मॅग्नेटकडचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते आणि रिकामे, म्हणजे गिअरमध्ये न टाकलेले, इंजिन आपोआप तेज होते. क्लचकडचा गेला तर गिअरचे तेल जळून पांढरा धूर निघतो. ही स्कूटर 2021 मध्ये दोन्ही लक्षणे दाखवत होती. प्लॅटिनम पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे संपर्कबिंदू, नवे घातले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण पॉइंट रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरच्या तुकड्याने साफ करून पुढे जाता येते आणि या प्रकल्पाला तेच शोभते.

5 जानेवारी 2025

अक्षरांचे काम, ज्याची मी सर्वांत जास्त वाट पाहत होते.

स्टेन्सिलमध्ये अक्षर कापले की त्याच्या पोटातला तुकडाही गळून पडतो. रोमन लिपीत ही अडचण थोड्याच अक्षरांची आहे. देवनागरीत ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे तर बंद आहेतच, शिवाय शिरोरेषा वरून झाकण घालत असल्यामुळे ‘प’, ‘म’, ‘य’ यांचाही मधला भाग सुटा होतो. त्यातून सबंध शब्दावर सलग शिरोरेषा कापली तर पत्र्याला एक लांब फट पडते आणि तो तिथून दुमडतो. म्हणून प्रत्येक पोटाला एक छोटा पूल ठेवावा लागतो आणि शिरोरेषा अक्षराअक्षराला तोडावी लागते. बाबांनी सांगितले की पूल उभ्या काण्याला लागून ठेवला तर अक्षर ओळखू येते, आणि गोलाईच्या मध्यावर ठेवला तर ‘व’चा ‘न’ वाटू लागतो. त्यांनी पेन्सिलने काढून दाखवले आणि मी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर धारदार कटरने कापले. चार दिवस, अकरा फिल्म, त्यांतल्या सहा बाद.

मजकूर थोडा आहे आणि प्रत्येकाला कारण आहे. पेट्रोलच्या झाकणाजवळ : ‘पेट्रोल 1 लिटर, 2टी तेल 20 मिली’. हे प्रमाण चुकले तर पिस्टन जाम होतो, आणि यापुढे ही स्कूटर माझा भाचाही चालवणार आहे. लष्करी गाड्यांच्या चाकांवर हवेचा दाब लिहिलेला असतो, तसा पुढच्या व मागच्या चाकाच्या वर पुस्तिकेतला दाब. पेट्रोल कॉकजवळ चालू, बंद आणि रिझर्व्ह यांच्या खुणा. डाव्या डिक्कीच्या आत, झाकणाच्या मागे, बाबांच्या यादीप्रमाणे हत्यारांची नावे आणि नग.

रंग ब्रशने न भरता स्पंजने टिपून लावला, म्हणजे तो फिल्मखाली झिरपत नाही. ‘तेल’मधला ‘ल’ तरीही थोडा पसरला आहे.

15 जानेवारी

आज 77 व्या सेनादिनाचे संचलन पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात झाले. गेले काही दिवस रस्त्यांवर लष्करी ट्रकची ये-जा होती. एका ट्रकच्या मागे बराच वेळ होते, तेव्हा लहानपणी पडलेला प्रश्न आठवला : मागच्या आसाचा मधला गोळा पांढरा का रंगवतात? रात्री ताफा दिवे मालवून चालतो तेव्हा त्या पांढऱ्या गोळ्यावर गाडीखालचा एक छोटा दिवा पडतो आणि मागच्या चालकाला तेवढाच दिसतो. वरून, विमानातून, तो दिसत नाही. इतक्या साध्या युक्तीत केवढा विचार आहे.

मागे उभ्या असलेल्या स्टेपनीच्या मधल्या चकतीला मीही पांढरा रंग देणार आहे. आमच्या गल्लीत दिवे कमी आहेत आणि स्कूटरचा वाळूचा रंग अंधारात मातीशी एकजीव होतो. त्यामुळे पांढऱ्या चकतीला इथे खरेच काम आहे. मागचा मूळ दिवा आणि लाल रिफ्लेक्टर आहेत तसेच राहतील.

19 जानेवारी

कॅनव्हासची पिशवी ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतली. कापड जुन्या बाजारातून आणले, पितळी बकलेही तिथलीच. पिशवी फक्त डाव्या बाजूला आहे. दोन्ही बाजूंना असाव्यात असे पाहणाऱ्याला वाटते, परंतु उजव्या बाजूच्या पत्र्याखाली इंजिन आहे, ते पंख्याच्या हवेवर थंड होते आणि तिथली जाळी झाकली तर इंजिन तापेल. शिवाय इंजिनामुळे ही स्कूटर जात्याच उजवीकडे जड असते, तेव्हा हत्यारांचे वजन डावीकडे आलेले बरेच. पिशवीसाठी सळईची चौकट केली आणि ती मूळच्या बोल्टांवरच बसवली, सांगाड्याला नवे भोक पाडले नाही.

2 फेब्रुवारी

दोन गोष्टी ठरल्या. पुढच्या बाजूला छोटा जेरीकॅन लावण्याचा मोह होता. ती वस्तू मला मनापासून आवडते. 1930 च्या दशकात जर्मनीत झालेल्या त्या डब्याला तीन मुठी अशासाठी आहेत की भरलेला डबा दोघांना मिळून उचलता यावा आणि रिकामे दोन डबे एका हाताला धरता यावेत. पण गुडघ्यांपुढे पेट्रोल बाळगणे धोक्याचे आहे, आणि रिकामा लावायचा तर बाबांचा प्रश्न असा होता, “अगं, रिकामा डबा यादीत कशाखाली लिहू?” जेरीकॅन रद्द.

हेडलाइटवर काळा मुखवटाही नाही. 1971 च्या युद्धात दिव्यांच्या काचा अर्ध्या काळ्या केल्या होत्या, खिडक्यांना कागद चिकटवले होते, हे बाबांनी पाहिले आहे. आजच्या रस्त्यावर दिवा अर्धा झाकणे म्हणजे स्वतःला आणि समोरच्याला धोक्यात घालणे. त्याऐवजी उभ्या स्कूटरच्या दिव्यावर घालायची कॅनव्हासची टोपी शिवली. ती चालवताना काढून पिशवीत जाते.

16 फेब्रुवारी

सकाळी सात वाजता, चोक ओढून, स्कूटर जराशी डावीकडे कलती करून किक मारली. नवव्या किकला इंजिन बोलले. धूर निळसर आणि बेताचा, रिकामा वेग स्थिर. बाबा काही न बोलता पाच मिनिटे ऐकत उभे होते. मग त्यांनी वही काढून इंजिनासमोर ‘वापरण्यायोग्य’ लिहिले.

नव्या पिस्टनमुळे पहिले 500 किलोमीटर अर्ध्या एक्सलरेटरवर आणि मध्ये थांबत चालवायची आहे. आज निगडीपर्यंत गेले आणि परतले. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यात जाताना हँडलवरची खूण जुळत नाही. वायर अर्धा फेरा ताणून घ्यावी लागेल.

4 मार्च

परिवहन कार्यालयात तपासणी झाली. चासी आणि इंजिन क्रमांक जुळवले, रंग पाहिला, मजकूर वाचला. प्रमाणपत्रावर नवा रंग चढेल. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या वाहनांना लागणाऱ्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीसाठीही वेळ घेतली आहे. हाताने रंगवलेली तीन अक्षरी मालिकेची जुनी पट्टी बाबांनी पुसून कपाटात ठेवली.

23 मार्च

एकूण 310 किलोमीटर झाले. काल थोडा पाऊस पडला आणि पिशवीच्या शिवणीतून पाणी आत आले. पान्यांना तांबूस डाग पडले आहेत. पेट्रोलच्या झाकणाभोवती तेलाचा एक डाग बसला आहे, जो चमकहीन रंगातून निघणार नाही. पावसाळ्यापूर्वी कॅनव्हासला वितळवलेल्या मेणाचे दोन हात द्यायचे, शिवणीवर आतून पट्टी लावायची आणि फूटबोर्डावर रबरी मॅट पुन्हा टाकायची नाही. मेण अर्धा किलो लागेल असा बाबांचा अंदाज आहे. त्यांनी ते यादीत 47 व्या क्रमांकावर लिहिले आहे.